मेयरने ब्लॉक केलं तर काय करायचं? अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका ताईंनी स्क्रीनशॉट टाकला. स्कूल बोर्डाच्या एका सदस्याच्या फेसबुक पेजवर त्यांनी विचारलं होतं, की दिवाळीच्या सुट्टीचा विषय अजेंड्यावर येऊन परत परत मागे का पडतो, आणि नव्या बस रूटमुळे मुलं पाऊण तास थंडीत उभी राहतात त्याचं काय? दुसऱ्या दिवशी कमेंट गायब. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी कमेंट लिहायची चौकटच दिसेना.

ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. एकजण म्हणाला, दुसरं अकाउंट काढा आणि चांगलं सुनवा. दुसरा म्हणाला, आपण इथे पाहुणे, कशाला नादी लागता? तिसऱ्याने थेट वकिलाचा नंबर पाठवला. माझ्या मते पहिला सल्ला घातक होता, दुसरा कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आणि तिसरा जरा घाईचा. या तिन्हींच्या मधे जी वाट आहे, ती इथे लिहितो. मी वकील नाही. पण या प्रकरणात आणि नंतर आणखी दोघांच्या बाबतीत कागदपत्रं जुळवायला बसलो, निकाल वाचले, आणि लक्षात आलं की बहुतेक लोक चुकीच्या प्रश्नावर भांडतात. ‘ते त्यांचं पर्सनल पेज आहे’ आणि ‘नाही, ते सरकारी आहे’ यावर तासन्‌तास वाद होतो. कोर्ट पाहतं ते वेगळंच: त्या विशिष्ट पोस्टमध्ये माणूस बोलत होता की त्याचं पद? आणि हे सिद्ध करायचं ओझं ब्लॉक झालेल्यावर असतं, ब्लॉक करणाऱ्यावर नाही.

आधी बघा, नेमकं झालंय काय

‘ब्लॉक केलं’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी येतात. फेसबुकवर कमेंट ‘हाइड’ केली तर ती तुम्हाला आणि तुमच्या मित्रयादीतल्यांना दिसत राहते, बाकीच्यांना दिसत नाही. त्यामुळे कित्येकांना कळतही नाही की आपण भिंतीशी बोलतोय. पेजवरून ‘बॅन’ केलं तर पोस्ट वाचता येतात, पण लाइक-कमेंट बंद. खासगी प्रोफाइलने ब्लॉक केलं तर ती व्यक्ती फेसबुकवर आहे की नाही हेही दिसत नाही. इन्स्टाग्रामवर ‘रिस्ट्रिक्ट’ केलं तर तुमची कमेंट समोरच्याने मंजूर करेपर्यंत फक्त तुम्हालाच दिसते. एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) २०२४च्या नोव्हेंबरपासून ब्लॉक झालेल्यालाही सार्वजनिक पोस्ट वाचता येतात, उत्तर मात्र देता येत नाही.

म्हणून पहिली तपासणी साधी आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या, तुमच्या मित्रयादीत नसलेल्या शेजाऱ्याच्या आणि लॉग-इन न केलेल्या ब्राउझरमधून तेच पेज उघडा. कोणाला काय दिसतं ते लिहून ठेवा.

पाचवी शक्यता शब्दगाळणीची. पेज चालवणारा काही शब्द यादीत टाकतो आणि ते शब्द असलेली प्रत्येक कमेंट आपोआप लपते. हे छोटं प्रकरण समजू नका. अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, आपल्या फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर ‘अ‍ॅनिमल’, ‘टेस्टिंग’, ‘क्रुएल’ असे शब्द गाळत होती, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध करणारे तिथे लिहीत होते. संस्थेचं म्हणणं, की या कमेंट विषयाला सोडून आहेत. पण जी संस्था प्राण्यांवर प्रयोग करते, तिच्या संशोधनाच्या पोस्टखाली ‘प्राणी’ हा शब्द विषयाबाहेरचा कसा? २०२४च्या जुलैमध्ये वॉशिंग्टन डीसीच्या अपील कोर्टाने ही गाळणी घटनाबाह्य ठरवली.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे निराशा नको. समोरच्याने तुम्हाला ‘म्यूट’ केलं असेल, म्हणजे तुमचं लिहिणं बाकी सगळ्यांना दिसतंय पण तो स्वतः वाचत नाही, तर तुमची काही तक्रार उभी राहत नाही. तुम्हाला बोलायचा हक्क आहे. अधिकाऱ्याने ऐकलंच पाहिजे असा हक्क घटना देत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच सांगून ठेवलंय.

पुरावा आज जमवा, राग उद्या

ताईंनी पहिल्या रात्री दोन परिच्छेदांची संतापलेली पोस्ट लिहून ठेवली होती. ती टाकू नका म्हटलं. कारण गाजावाजा झाला की समोरचा आधी पेज साफ करतो: ‘अबाउट’मधला मजकूर बदलतो, जुन्या पोस्ट उडवतो, वर ‘हे माझं वैयक्तिक पेज आहे’ अशी पाटी लावतो. आपला पुरावा त्याच्याच घरात ठेवलेला असतो, हे विसरून चालत नाही.

पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या, फोनवरचा अर्धामुर्धा नको. वरचा वेबपत्ता, तारीख आणि वेळ त्यात दिसली पाहिजे. पान वरून खाली सरकवताना स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर आणखी उत्तम. पेज तुम्हाला दिसतच नसेल, तर हे काम ज्यांना दिसतं त्यांच्या अकाउंटवरून करा. नवरा-बायको-शेजारी यांपैकी कुणीतरी स्वतःच्या हाताने स्क्रीनशॉट घेतलेला असला की पुढे साक्षीलाही तोच माणूस उभा राहू शकतो.

आणि नुसती आपली उडवलेली कमेंट जपू नका. ती तर हवीच (फेसबुकच्या ‘डाउनलोड युअर इन्फर्मेशन’मधून तुम्ही लिहिलेल्या कमेंटची फाइल मिळते), पण खरं सोनं समोरच्याच्या पोस्टमध्ये आहे. त्याने पदाचं काम त्या पेजवर कुठे कुठे केलं ते हुडका. बर्फामुळे शाळा बंद असल्याची घोषणा, पाणीपुरवठा थांबल्याची सूचना, ‘या विषयावर तुमचं मत इथे लिहा’ असं आवाहन, रहिवाशाच्या तक्रारीला दिलेलं उत्तर, टाउनशिपच्या कर्मचाऱ्याने काढलेले फोटो. एका एक्सेल शीटमध्ये तारीख, पोस्टचा पत्ता, विषय, तुम्ही काय लिहिलं आणि त्याचं काय झालं असे पाच रकाने करा. ताईंच्या शीटमध्ये एकतीस ओळी झाल्या. त्यातल्या सहाच पुढे कामाच्या ठरल्या, पण कुठल्या सहा, हे आधी कळलं नसतं.

आपल्या स्वतःच्या जुन्या कमेंट उडवू नका, बोचऱ्या असल्या तरी. आणि दुसरं अकाउंट काढून तिथे घुसू नका. तुमची बाजू ‘मला बोलू दिलं नाही’ अशी असताना ‘यांनी खोट्या नावाने त्रास दिला’ असं चित्र उभं करण्याची आयती संधी कशाला द्यायची?

माणूस बोलतोय की पद?

आता मुख्य भाग. इथे थोडं थांबून वाचा, कारण वकिलाशी बोलताना पहिल्या दहा मिनिटांत हेच विचारलं जातं.

मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन या छोट्या शहराचे सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचा रोजचा कारभार पाहणारे अधिकारी, जेम्स फ्रीड. फेसबुक प्रोफाइल त्यांनी कॉलेजात असतानाच उघडलं होतं. मित्रांची संख्या पाच हजारांच्या मर्यादेला टेकली, तेव्हा त्यांनी त्याचं सार्वजनिक पेज केलं. २०१४ मध्ये ते सिटी मॅनेजर झाले आणि पेजवर पदाचं नाव, शहराच्या वेबसाइटचा दुवा, सिटी हॉलचा ईमेल आला. पण मजकूर मिसळीसारखा: मुलीचे फोटो, कुत्रा, बायबलमधली वचनं, घराची डागडुजी, आणि त्याच ताटात शहरातला पालापाचोळा उचलण्याची व्यवस्था, पाणीपुरवठ्याची कामं आणि कोविडची माहिती. शहराच्या कोविड-कारभारावर नाराज असलेल्या एका रहिवाशाने कमेंट लिहायला सुरुवात केली. फ्रीड आणि मेयर एका हॉटेलातून जेवण घेऊन जातानाचा फोटो आला, तेव्हा त्याने लिहिलं, की लोक हाल सोसतायत आणि पुढारी महागड्या हॉटेलात जातायत. फ्रीडनी आधी कमेंट उडवल्या, मग माणूसच ब्लॉक केला. ‘लिंडके विरुद्ध फ्रीड’ हा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १५ मार्च २०२४ रोजी एकमताने निकाल लागला. लिहिला न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी.

निकालात दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींचं उत्तर ‘हो’ यावं लागतं. पहिला: त्या विषयावर सरकारच्या वतीने बोलायचा अधिकार या माणसाला खरोखर होता का? तो अधिकार कायद्यातून, स्थानिक नियमातून, लेखी जबाबदारीतून किंवा रुळलेल्या प्रथेतून आलेला असला पाहिजे. दुसरा: त्या पोस्टमध्ये तो हा अधिकार वापरत होता का?

पहिल्या प्रश्नावर लोक फसतात. ‘तो मेयर आहे ना, मग सगळं सरकारीच’ असं नसतं. बस रूट ठरवण्याशी ज्याचा संबंध नाही अशा अधिकाऱ्याने बस रूटवर काही लिहिलं आणि तुमची कमेंट उडवली, तर तुमची बाजू लंगडी. म्हणून टाउनशिपच्या वेबसाइटवर त्या पदाची कर्तव्यं, बोर्डाचे बायलॉ (म्हणजे कामकाजाचे नियम), समाजमाध्यमांचं धोरण असेल तर ते, हे सगळं उतरवून घ्या. ‘जनतेशी संवाद साधणे’ असं एखादं वाक्य पदाच्या वर्णनात सापडलं तर त्याला हायलाइटर लावा.

दुसऱ्या प्रश्नासाठी निकालात एक छान उदाहरण आहे. स्कूल बोर्डाची अध्यक्ष बोर्डाच्या बैठकीत जाहीर करते की कोविडचे निर्बंध उठवले, ते पदाचं बोलणं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या अंगणात बार्बेक्यू चालू असताना तीच बातमी ती सांगते, तेव्हा ती शेजारीण असते. शब्द तेच, पण बोलणारी वेगळी. फेसबुकवर अडचण अशी, की बैठक आणि अंगण एकाच पानावर असतं. म्हणून कोर्ट पोस्टगणिक पाहतं. ‘अमुक नियमानुसार मी पार्किंगचे निर्बंध तात्पुरते स्थगित करतो आहे’ असं लिहिलं आणि ही घोषणा दुसरीकडे कुठेही नसेल, तर तो पदाचा हुकूम. इतरत्र जाहीर झालेली माहिती फक्त पुढे ढकलली असेल, तर ते वैयक्तिक ठरण्याची शक्यता जास्त. सरकारी कर्मचारी पोस्ट लिहीत असतील तर ती पोस्ट वैयक्तिक म्हणणं कठीण. ‘ही मतं माझी वैयक्तिक’ अशी पाटी असेल तर झुकतं माप अधिकाऱ्याला मिळतं, पण पाटीच्या आडून सरकारी काम केलं तर पाटी वाचवत नाही. आणि अकाउंट शहराच्या नावाचं असेल, किंवा पदावर येणाऱ्या प्रत्येकाकडे वारशाने जाणारं असेल, तर मग फारसा वादच उरत नाही.

याच निकालातला एक बारीक धागा तुमच्या उपयोगाचा आहे. कमेंट उडवली असेल तर कोर्ट ती कमेंट ज्या पोस्टखाली होती तेवढंच पाहील. पण पूर्ण ब्लॉक केलं असेल, तर पेजवरची कुठलीही सरकारी स्वरूपाची पोस्ट विचारात घेता येते, कारण ब्लॉकमुळे तिथलीही दारं बंद झाली. म्हणजे अधिकाऱ्याने मिसळ केली असेल, तर धोका त्याचा. ताईंच्या शीटमधल्या सहा ओळी कामाला आल्या त्या याच मुद्द्यावर.

दोन जुन्या निकालांबद्दल सावधान. ट्रम्प यांनी ट्विटरवर सातजणांना ब्लॉक केलं होतं आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं, ही बातमी सगळ्यांना आठवते. पण एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला, कारण तोवर ते अध्यक्ष राहिले नव्हते आणि प्रकरण निरर्थक झालं होतं. पत्रात त्याचा हवाला देऊ नका, शहराचा वकील हसेल. दुसरा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घराजवळचा. व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीच्या अध्यक्षा फिलिस रँडल यांनी एका टीकाकाराला आपल्या पेजवरून जेमतेम बारा तास बंद ठेवलं होतं, तेवढ्यावरही २०१९ मध्ये अपील कोर्टाने घटनाभंग ठरवला. निकाल उत्साह वाढवणारा आहे, पण त्यातल्या कसोटीच्या जागी आता २०२४ची कसोटी आली आहे. आणि निवडणूक प्रचाराचं अकाउंट ही गोष्ट आणखी वेगळी. मिसूरीतल्या एका आमदार बाईंनी प्रचाराच्या ट्विटर अकाउंटवरून केलेलं ब्लॉक २०२१ मध्ये वैध ठरलं होतं.

तुमची कमेंट काय होती?

समजा, पेज सरकारी ठरलं. तरी तिथे काहीही लिहिता येतं असं नाही. खरी धमकी, अश्लील मजकूर, याला संरक्षण नाही. पण टोमणा, कडक टीका, ‘तुम्ही नालायक आहात’ हे सगळं बसतं. अधिकारी विषयाला धरून बोला असा नियम करू शकतो, मात्र तो सगळ्यांना सारखा लावावा लागतो. कौतुक करणाऱ्या पाचजणांच्या अवांतर कमेंट ठेवल्या आणि टीकेची एक उडवली, तर त्याला मतभेदावरून केलेला भेदभाव म्हणतात आणि तो कुठल्याच प्रकारच्या सार्वजनिक व्यासपीठावर चालत नाही. म्हणून राहिलेल्या कमेंटचेही स्क्रीनशॉट हवेत.

तेच तेच पुन्हा लिहिणं हा नाजूक भाग. कॅलिफोर्नियातल्या पॉवे स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये एका पालकाने दहाएक मिनिटांत बोर्ड सदस्येच्या २२६ ट्वीटखाली एकच मजकूर चिकटवला होता. अपील कोर्टाने पालकांच्या बाजूने निकाल दिला, पण सुप्रीम कोर्टाने लिंडकेच्याच दिवशी तो रद्द करून नव्या कसोटीने पुन्हा पाहायला पाठवला. खटला लढता येतो, हे खरं. पण इतकी चिकाटी दाखवून काय मिळवलं, हा प्रश्न मला पडतोच. एकदा, नेमकं, प्रश्नाच्या स्वरूपात लिहा. न्यायाधीशासमोर वाचून दाखवायची वेळ आली तर ओशाळायला होऊ नये, एवढा निकष पुरे.

पत्र

ताईंना मी सांगितलं, की बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, आणि त्यांचंही मिटलं. पत्र अधिकाऱ्याला लिहायचं, पण प्रत मात्र टाउनशिप क्लार्कला आणि शहराच्या किंवा बोर्डाच्या वकिलाला पाठवायची. अधिकाऱ्याला तुमचा राग आलेला असतो. वकिलाला मात्र खटल्याचा खर्च दिसतो, त्याने लिंडके वाचलेलं असतं, आणि ‘अनब्लॉक करा’ हा सगळ्यात स्वस्त सल्ला देण्यात त्याचंही भलं असतं.

एक पान पुरतं. कोणत्या तारखेला कोणत्या पोस्टखाली काय लिहिलं आणि त्याचं काय झालं. त्या पेजवर पदाचं काम कसं चालतं याची दोन-तीन ठळक उदाहरणं, पोस्टच्या पत्त्यासह. भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीचा, म्हणजे फर्स्ट अमेंडमेंटचा, आणि लिंडके निकालाचा एका वाक्यात उल्लेख. मग मागणी: अनब्लॉक करा, उडवलेल्या कमेंट पूर्ववत करा, पेजसाठी लेखी नियम करा. उत्तरासाठी चौदा दिवस. आणि शेवटी एक ओळ, की या पेजवरच्या पोस्ट, कमेंट, संदेश आणि ब्लॉक केलेल्यांची यादी यांतलं काहीही नष्ट करू नये. ही ओळ विसरू नका. ती मिळाल्यावर कुणी पोस्ट उडवल्या तर कोर्टात ते त्याच्याच अंगाशी येतं.

धमकीचा सूर नको. ‘मी तुमच्यावर लाखोंचा दावा लावीन’ वगैरे लिहिलं की पत्र थेट विमा कंपनीकडे जातं आणि बोलणं थांबतं. ईमेल पाठवा आणि सोबत पोचपावतीचं टपालही. पुढच्या काउन्सिल किंवा बोर्ड बैठकीत पब्लिक कमेंटच्या वेळेत उभं राहून तेच वाचून दाखवलं तर ते इतिवृत्तात नोंदलं जातं. इंग्रजी उच्चारांची लाज बाळगू नका, ती दोन मिनिटं भाषण देण्यासाठी नाहीत, नोंद करण्यासाठी आहेत.

ताईंना अकराव्या दिवशी अनब्लॉक केलं. बसच्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही.

कागद मागवा

पत्राबरोबरच किंवा उत्तर नाही आलं तर लगेच, सार्वजनिक नोंदींचा अर्ज करा. भारतातल्या माहिती अधिकाराचा हा इथला भाऊ, प्रत्येक राज्यात वेगळ्या नावाचा. न्यू जर्सीत ‘ओप्रा’ म्हणतात आणि क्लार्कने साधारण सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. व्हर्जिनियात पाच कामाचे दिवस, टेक्सासमध्ये दहा कामाचे, कॅलिफोर्नियात दहा दिवस. मुदतवाढीच्या पळवाटा सगळीकडे आहेत.

मागायचं काय? त्या अकाउंटवरून ब्लॉक केलेल्यांची यादी, शब्दगाळणीतले शब्द, समाजमाध्यमांचं धोरण, आणि पेज सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांशी झालेला ईमेल व्यवहार. ‘ते माझं खासगी अकाउंट, नोंद सरकारी कशी?’ असं उत्तर येईल. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सॅन होजे शहराच्या प्रकरणात सांगितलं, की सरकारी काम खासगी अकाउंटवर केलं म्हणून ते सार्वजनिक नोंदींच्या कायद्यातून सुटत नाही. इतर राज्यांत हा निकाल बंधनकारक नाही, पण दाखला म्हणून वजनदार आहे. यादी मिळाली आणि त्यात तुमच्यासारखे आणखी वीस टीकाकार निघाले, तर प्रकरणाचं वजनच बदलतं.

वकील आणि कोर्ट

इथवर येऊनही दार उघडलं नाही तर वकील. आधी फुकटची दारं ठोठवा: नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संस्थेची तुमच्या राज्यातली शाखा, कोलंबिया विद्यापीठातली नाइट इन्स्टिट्यूट (ट्रम्प खटला त्यांनीच चालवला होता), आणि भाषणस्वातंत्र्यासाठी काम करणारी ‘फायर’ ही संस्था. जवळच्या लॉ स्कूलमध्ये फर्स्ट अमेंडमेंट क्लिनिक असेल तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली मोफत काम करतात. तुमची एक्सेल शीट जोडून अर्ज केला तर तुम्ही आलेल्या पन्नास अर्जांत उठून दिसता.

शहर, काउंटी, शाळा किंवा राज्य पातळीच्या अधिकाऱ्यावर दावा होतो तो ‘सेक्शन १९८३’ खाली. हा कायदा १८७१चा, कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या दहशतीविरुद्ध केलेला. फेसबुकच्या कमेंटसाठी तो वापरला जाईल असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल. केंद्रीय अधिकाऱ्यांना तो लागू नाही, त्यांच्याविरुद्ध फक्त मनाईहुकूम मागायचा वेगळा मार्ग आहे. मुदत राज्यागणिक ठरते: न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया, व्हर्जिनियात दोन वर्षं, न्यूयॉर्क आणि मिशिगनमध्ये तीन. फेडरल कोर्टात दावा दाखल करायची फी ४०५ डॉलर.

पैशाच्या अपेक्षेने जाऊ नका. ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ नावाची ढाल अधिकाऱ्यांना वैयक्तिक भरपाईपासून बऱ्याचदा वाचवते. तुम्हाला हवा असतो मनाईहुकूम. पण डाव असा होतो, की दावा दाखल होताच समोरचा अनब्लॉक करतो आणि म्हणतो, आता वाद उरलाच कुठे? म्हणून वकील दाव्यात एक डॉलरची नाममात्र भरपाईही मागतात. झालेल्या हक्कभंगासाठी नाममात्र भरपाई मागितली असेल तर दावा जिवंत राहतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये ठरवलं. जिंकलात तर वकिलाची फी समोरच्याकडून मिळू शकते. मात्र फेब्रुवारी २०२५ पासून एक मेख आहे: फक्त तात्पुरता मनाईहुकूम मिळाला आणि नंतर समोरच्याने स्वतःहून माघार घेतली, तर ती फी मिळत नाही. वकिलाशी करार करताना हे आधीच विचारा.

‘आपण इथे पाहुणे’

आता दुसऱ्या सल्ल्याकडे. फर्स्ट अमेंडमेंट फक्त अमेरिकी नागरिकांसाठी नाही. या देशात राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषणस्वातंत्र्य आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९४५ मध्ये म्हटलंय. ग्रीन कार्ड, एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसालाही स्कूल बोर्डाने गप्प करता येत नाही. घरपट्टी आपणही भरतो.

पण हक्क असणं आणि धोका नसणं या दोन वेगळ्या गोष्टी. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितली जातात आणि ती तपासली जातात. बस रूटच्या प्रश्नावरून कुणाचा व्हिसा अडेल असं मला वाटत नाही. तरीही पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग करून घ्यायला मुंबईला जायचं असेल आणि वाद तापलेला असेल, तर इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा. घरात कुणी अमेरिकी नागरिक असेल तर पत्रावर त्यांचीही सही घ्या. हा भित्रेपणा नाही.

आणि भारतात?

हा लेख लिहितोय म्हटल्यावर पुण्याहून मेव्हण्याने विचारलं, ‘आमच्या नगरसेवकाने मला ब्लॉक केलंय, त्याचं काय?’ लिंडकेसारखी थेट कसोटी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली नाही, पण हात अगदी रिकामे नाहीत.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो १९९२चा एलआयसी विरुद्ध मनुभाई शाह. अहमदाबादच्या शाहांनी एलआयसीवर टीका करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. एलआयसीने आपल्या ‘योगक्षेम’ या मासिकात त्याला उत्तर छापलं, पण शाहांचं प्रत्युत्तर छापायला नकार दिला, कारण काय तर मासिक घरचं आहे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला फक्त आपलीच बाजू मांडून दार लावून घेता येत नाही. फेसबुक नव्हतं, पण भांडण हेच होतं. महापालिकेच्या किंवा पोलीस आयुक्तालयाच्या अधिकृत हँडलने ब्लॉक केलं असेल तर भाषणस्वातंत्र्याचं कलम १९(१)(क) आणि या निकालाच्या आधारावर उच्च न्यायालयात कलम २२६ खाली जाता येतं. मंत्र्या-आमदाराच्या वैयक्तिक अकाउंटचं मात्र अवघड आहे. जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाने कौशल किशोर प्रकरणात सांगितलं, की मंत्र्याचं विधान आपोआप सरकारचं ठरत नाही.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात एक दाखला हाताशी आहे. शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२५ मध्ये काढलेल्या निर्णयात सरकारी कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत असं म्हटलंय. तेव्हा एखादा अधिकारी दोन्ही कामं एकाच अकाउंटवर करत असेल तर तक्रारीत याचा उल्लेख करा. भाषा मात्र अमेरिकेपेक्षाही जपून. भारतात बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे.

मेव्हण्याला मी सांगितलं, आधी माहिती अधिकार. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही हा अर्ज करता येतो, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डवाल्याला नाही. नगरसेवकाबद्दल विचारायचं तर अर्ज महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. त्याने शेवटी विचारलं ते एवढंच: पालिकेच्या अधिकृत समाजमाध्यम खात्यांची यादी, ती सांभाळणाऱ्यांची पदनामं, त्यावर झालेला खर्च, या खात्यांवरून ब्लॉक केलेल्या खात्यांची संख्या, आणि ब्लॉक करण्यासंबंधीचं लेखी धोरण असल्यास त्याची प्रत.